फुटत्या लाटांतून कॅटमरान दर्यात काढताना

एप्रिल-मेमध्ये कोकणात शिडाच्या होडीला हवा तसा वारा आणि नकोशा लाटा एकाच वेळी येतात. सकाळचा मतलई वारा पडला की थोडा वेळ सगळं निवांत असतं. मग दुपारी बारा-एकच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा भरू लागतो आणि तीन-चारपर्यंत चांगला १० ते १५ नॉट्सवर जातो. कॅटमरानला, म्हणजे शेजारी-शेजारी दोन हल (तरंगणारे सांगाडे) जोडून केलेल्या होडीला, याहून सुरेख वारा मिळत नाही. पण याच दिवसांत दूर दक्षिणेच्या महासागरात जन्मलेल्या लांब लाटाही आपल्या किनाऱ्यावर येऊन फुटतात, आणि वाळू ते मोकळं पाणी यांमधला पन्नास-साठ मीटरचा पट्टा ओलांडणं हेच दिवसातलं सगळ्यात अवघड काम होऊन बसतं.

हा लेख त्या पट्ट्याबद्दल आहे. डोळ्यांसमोर होबी १६ आहे, कारण ती वाळूवरून थेट लाटांत घालण्यासाठीच घडवलेली होडी. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टर यांनी ती बाजारात आणली. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन साधारण १४५ किलो, डोलकाठी ८ मीटर. तिला खाली सोडायची फळी नाही आणि रडर (मागची सुकाणं) वर उचलले जातात, त्यामुळे गुडघाभर पाण्यातही ती तरंगते. तुमच्या कॅटमरानला डॅगरबोर्ड (अशा खाली सोडायच्या फळ्या) असतील तर बाकी सगळं हेच, फक्त ते बोर्ड फुटत्या लाटांच्या पलीकडे गेल्याशिवाय पूर्ण खाली करू नका.

एक अट आधीच सांगतो. सपाट पाण्यात होडी नीट चालवता येत असेल आणि उलटलेली होडी दोघांनी मिळून सरळ करण्याचा सराव झालेला असेल, तरच लाटांच्या दिवशी जा. तो सराव खाडीतल्या शांत पाण्यात आधी करून घ्या.

आज जायचं का?

हा निर्णय होडीला हात लावण्याआधी घ्यायचा असतो. शिडं चढली, माणसं जमली की नको म्हणणं जड जातं.

घरातून निघण्याआधी इन्कॉइस या हैदराबादच्या केंद्र सरकारी संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज पाहा. लाटेची उंची सगळे पाहतात, तिच्या शेजारचा कालावधी (दोन लाटांमधले सेकंद) बहुतेकजण सोडून देतात. एक मीटरची लाट सहा सेकंदांची असेल तर ती स्थानिक वाऱ्याची, विस्कळीत आणि दमलेली असते. तीच चौदा-पंधरा सेकंदांची असेल तर लांबून आलेली असते, आणि उथळ पाण्यात आल्यावर अंदाजातल्या आकड्यापेक्षा बरीच उंच उभी राहते. उंच लाटांचा इशारा असेल तर त्या दिवशी बेत रद्द, चर्चा नको. जून-जुलैचा तर प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मोठ्या बोटी ज्या पाण्यात जात नाहीत तिथे फायबरची हलकी होडी न्यायची नाही. नारळी पौर्णिमेनंतरही काही आठवडे दर्या पुरता निवळलेला नसतो.

किनाऱ्यावर पोचल्यावर किमान वीस मिनिटं फक्त बघत उभं राहायचं. लाटा गटाने येतात. चार-सहा मोठ्या, मग थोडा वेळ बारीक, मग पुन्हा मोठ्या. एका गटात किती, दोन गटांमध्ये किती वेळ मोकळा, हे घड्याळ लावून मोजा. उंची मोजायची सोपी रीत अशी: पाण्याच्या कडेला उभं राहून फुटणाऱ्या लाटेचा माथा क्षितिजाच्या रेषेशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर उतारावर वर-खाली सरका किंवा वाका. जुळला, की पाण्यापासून तुमचे डोळे जितके उंच तितकीच लाट उंच. कमरेइतक्या लाटेत शिकाऊ जोडीने अनुभवी माणसाबरोबर जावं. छातीइतक्या लाटेत फक्त मुरलेल्यांनी. उभ्या माणसाच्या डोळ्यांपुढून क्षितिज झाकणारी लाट असेल तर होडी वाळूवर बरी.

मग एक छोटा हिशोब करा. लाटा फुटण्याचा पट्टा साठ मीटर रुंद आहे असं धरू. होडी ५ नॉट्सने, म्हणजे सेकंदाला अडीच मीटरने चालली तर तो ओलांडायला चोवीस सेकंद लागतात. बारा सेकंदांची लाट असेल तर वाटतं की दोनच लाटा भेटतील. पण तुम्ही लाटांच्या दिशेने चाललेले असता, म्हणून त्या घड्याळापेक्षा लवकर भेटतात आणि दोनाच्या तीन होतात. वेग ३ नॉट्सच निघाला तर चार किंवा पाच. म्हणून लाटा असताना वारा कमी असणं हे वारा जास्त असण्याइतकंच धोक्याचं आहे. ७-८ नॉट्सपेक्षा कमी वारा असेल तर होडी त्या पट्ट्यात लाट चढायला लागणारा जोर धरत नाही. मंद वारा पाहून नवखे निर्धास्त होतात, आणि मधेच अडकतात तेही याच वाऱ्यात.

गावातले मच्छीमार काय करतात तेही पाहा. तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्याच्या बाजूला रापणकर (रापण म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ते लावणारे) आपली होडी पिढ्यान् पिढ्या याच लाटांतून घालत आलेत. रापणीची होडी वर ओढून ठेवलेली असेल तर जाऊन कारण विचारा. “आज नको, दर्या वायट आसा” एवढं उत्तर मिळालं तरी ते पुरेसं समजा.

जागा आणि भरती

सपाट उताराच्या किनाऱ्यावर, मुरूड-हर्णैकडे असतो तसा, लाट दूरवर फुटते आणि फेसाळत, जोर गमावत आत येते. पट्टा रुंद पण मार सौम्य. जिथे पाणी झटकन खोल होतं, जसं गणपतीपुळ्याला, तिथे लाट अगदी काठाशी उभी राहून एकदम कोसळते. पट्टा अरुंद असतो, पण ती कोसळणारी लाट होडी उचलून वाळूवर आपटते. लाट साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीत आली की फुटते, यावरून तळ कुठे उथळ आहे ते वरूनच वाचता येतं. पांढऱ्या फेसाच्या रांगेत मधेच एखादी काळसर पट्टी दिसते, जिथे लाटा फुटत नाहीत किंवा उशिरा फुटतात. तिथे तळ खोल असतो आणि काठावर चढलेलं पाणी तिथूनच परत दर्यात जातं. पोहणाऱ्यांना बुडवणारी ओढ ती हीच. होडीला मात्र ती बाहेर जायची वाट आहे. तिथून होडी घालायची असेल तर दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, आणि आसपास पोहणारं कोणी नसावं.

वायव्येच्या वाऱ्यात काठाजवळचं पाणी दक्षिणेकडे सरकत असतं. त्यामुळे निवडलेल्या वाटेच्या समोर होडी लावलीत तर निघेपर्यंत वाट मागे पडते. तिच्या वीस-तीस मीटर उत्तरेला लावा.

खाडीच्या मुखापासून लांब राहा. देवबागला कर्ली नदी जिथे दर्याला मिळते तशा ठिकाणी वाळूचे बांध असतात, आणि ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडलं की लाट तिथल्या तिथे उभी राहते. बाहेरून ते पाणी साधं दिसतं. रापणीचं जाळं पाण्यात असेल तर त्याच्या दोन्ही दोरांच्या मधे चुकूनही जाऊ नका. आणि नोव्हेंबर ते मे या काळात वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेच्या वरच्या वाळूत होडी फिरवण्याआधी तिथल्या कासवमित्रांना विचारा. अंडी वाळूखाली असतात, वरून काही कळत नाही.

भरतीची वेळ काढायला मोबाइलच लागतो असं नाही. तिथीला तीनने गुणून चाराने भागा. अष्टमीला पूर्ण भरती सहाला, ओहोटी बाराला. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. मुंबई-अलिबागकडे हा हिशोब चांगला जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. अलिबागकडे उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास वर-खाली होते, मालवणकडे जेमतेम दोन, म्हणून वेळेची चूक उत्तरेत जास्त महाग पडते. माझी पसंती नेहमी भरतीच्या मधल्या वेळेला, पाणी चढत असताना. उतरत्या पाण्यात निघालात आणि काही बिनसलं तर ओढ बाहेरची असते. पूर्ण भरतीला उभ्या उताराच्या किनाऱ्यावर काठाची लाट सगळ्यात वाईट आपटते.

वाळूवर

डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर येणाऱ्या वाटांवर विजेच्या तारा असतात. ८ मीटरची ॲल्युमिनियमची काठी तारेला लागली तर माणूस जागेवर जातो. याच कारणाने होबीने पुढे डोलकाठीचा वरचा तुकडा वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला. जुन्या होड्यांना तो नसतो.

होडीची नाळ (पुढचं टोक) वाऱ्याकडे, म्हणजे वायव्येला ठेवून शिडं चढवा. दोन्ही हलची पाणी काढायची बुचं घट्ट लावा आणि तांडेलाने (होडी चालवणाऱ्याने) स्वतः हात लावून पाहावं, कारण लाटांत हे बुच नसल्याचं कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. रडरचे खिळे, त्यांच्या सुरक्षा-पिना, रडर वर-खाली होणारं लॉक, हे एकदा चालवून बघा. वाळूचा एक कण लॉक अडकवतो. ट्रॅम्पोलिन, म्हणजे दोन हलमधलं बसायचं कापड, ताणून घ्या. सैल ट्रॅम्पोलिनवर माणूस पटकन पुढे-मागे सरकू शकत नाही, आणि लाटेत तेच तर करायचं असतं. होडी सरळ करायचा दोर हाताला येईल असा. डोलकाठीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असलाच पाहिजे. फुटत्या लाटांत पाणी दोन-तीन मीटर असतं आणि काठी ८ मीटर, त्यामुळे होडी पुरती पालथी झाली तर काठी वाळूत रुतून वाकते. फ्लोट असेल तर होडी आडवीच राहते.

मेनशीट आणि जिबशीट (मोठं शीड मेनसेल आणि पुढचं लहान शीड जिब ताणायचे दोर) मोकळ्या, क्लीटमध्ये (दोर पकडणाऱ्या खाचेत) अडकवलेल्या नाहीत, आणि त्यांची शेपटं ट्रॅम्पोलिनच्या खिशात कोंबलेली. पायात अडकलेला दोर लाटेपेक्षा वाईट. ट्रॅव्हलर (मेनशीटचं खालचं टोक बाजूला सरकवणारा भाग) मध्यापासून फूटभर बाहेर सोडा. एक छोटं वल्हं बांधून ठेवा, अंगावर शिट्टी आणि चाकू, वॉटरप्रूफ पिशवीत मोबाइल. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यात आधीच साठवा, आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा.

कमरेइतक्या पाण्यात

रुंद टायरच्या ट्रॉलीवरून होडी पाण्यापर्यंत न्या. ट्रॉली काढून तिसऱ्या माणसाने ती भरतीरेषेच्या वर नेऊन ठेवावी. आता होडी तरंगत्या पाण्यात आहे, रडर वर आहेत, आणि इथून पुढे एक नियम सगळ्यात आधी पाळायचा: होडी आणि किनारा यांच्या मधे कोणीही उभं राहायचं नाही. लाट होडीला ढकलते तेव्हा ती १४५ किलोची राहत नाही, तिच्यामागे लाटेचं सगळं पाणी असतं. हलच्या पुढ्यात, दोन नाळांच्या मधेही उभं राहू नका.

वारा वायव्येचा आहे, तुमचं तोंड पश्चिमेला, म्हणजे वारा उजव्या हाताने समोरून येतो. दोघेही उजव्या बाजूला, वाऱ्याच्या बाजूला. खलाशी उजव्या हलच्या नाळेशी, पुढची तार धरून. तांडेल उजव्या शराउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेच्या) मागे, एका हातात टिलर (रडर फिरवायचा दांडा), दुसऱ्यात मेनशीट. होडी नाळेने लाटांकडे धरून चालत कमरेइतक्या पाण्यापर्यंत जा. काठाची फुटकी लाट आली की खलाशाने नाळ खाली दाबायची नाही, वर उठू द्यायची आणि फक्त आडवी होऊ द्यायची नाही. शिडं फडफडत असतात, आवाज खूप होतो, घाई करावीशी वाटते. इथेच थांबायचं. कमरेइतक्या पाण्यात पाच मिनिटं उभं राहून काही बिघडत नाही. एकदा होडीवर चढलात की मग थांबायची सोय नाही.

मोठा गट जाऊ द्या. वाळूवर मोजलेला अंदाज आता वापरायचा. गटातली शेवटची मोठी लाट तुमच्या पुढ्यात फुटली आणि तिचा फेस होडीखालून गेला की तांडेलाने “चल!” म्हणायचं. हुकूम एकाच माणसाचा असावा. खलाशी एक जोराचा रेटा देऊन पुढच्या बीमजवळून (दोन हल जोडणाऱ्या आडव्या दांड्याजवळून) वर चढतो आणि लगेच जिब ताणतो. त्याच क्षणी तांडेल मागून वर.

जिब आधी, मेनसेल नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. रडर वर असताना मेनसेल ताणलंत तर होडी वाऱ्याकडे वळते आणि नाळ वाऱ्यात जाऊन उभी राहते. जिब तिचं तोंड खाली धरून ठेवतं. दोन-तीन फूट खोली झाली की डावा, म्हणजे वाऱ्याच्या आडचा रडर खाली करून लॉक करा, मग मेनसेल ताणा, आणि काठाच्या लाटेपलीकडे गेल्यावर दुसरा रडर. अर्धवट उचललेल्या रडरवर टिलर भयंकर जड लागतो. त्याच्याशी कुस्ती करू नका, दट्ट्या तुटतो.

लाटांतून पलीकडे

सरळ पश्चिमेला निघालात तर वायव्येचा वारा पंचेचाळीस अंशांवर येतो आणि होडी वाऱ्याला चिकटून कुंथत चालते. नाळ थोडी नैऋत्येकडे, दहा-पंधरा अंश खाली घ्या. वेग लगेच वाढतो. आणि या मोसमात लांब लाटा बहुधा नैऋत्य-पश्चिमेकडून येतात, म्हणजे त्या जवळजवळ समोरासमोर भेटतात. कोकणची ही भौगोलिक कृपा आहे, तिचा फायदा घ्या.

दोन लाटांच्या मधे नाळ किंचित खाली घेऊन वेग घ्यायचा, लाट एक-दोन होडीलांबीवर आली की तिच्याशी काटकोन होईल इतकं वळायचं. वेग घेण्याच्या नादात लाटेला बाजू दिली तर ती एक हल उचलून होडी पालथी घालते. फुटून आलेल्या फेसाला तर कायम नाळच दाखवायची.

नाळ लाटेवर चढू लागली की दोघांनी पुढे, खलाशाने अगदी डोलकाठीच्या बुंध्याशी. मागे वजन राहिलं तर नाळ उभी होते, ट्रॅम्पोलिनखाली वारा शिरतो आणि होडी मागे पलटते. माथ्यावर असताना मेनशीट हातभर सोडा. माथा ओलांडला की दोघांनी लगेच मागे सरका, नाहीतर उतरताना नाळ पुढच्या पाण्यात घुसते, आणि शीट पुन्हा ताणा. पुढे, सोड, मागे, ताण. हे बोलत-बोलत करा. उडत्या पाण्यात एकमेकांचे डोळे दिसत नाहीत.

समोर लाट उभी राहतेय आणि तिच्याआधी पोचणार नाही असं दिसलं तरी वेग कमी करू नका. नाळ तिच्यात सरळ घाला, पायांच्या पट्ट्यांत पाय रोवा, तार घट्ट धरा, पाणी अंगावरून जाऊ द्या. वेगात असलेली होडी भोक पाडून पलीकडे निघते. कचरून शीट सोडलेली होडी त्याच लाटेबरोबर मागे वाळूपर्यंत येते. बाहेरच्या शेवटच्या रांगेनंतरही निदान शंभर मीटर तसेच चालत राहा. मोठा गट तिथेही फुटू शकतो.

बिनसलं तर

होडी वाऱ्यात अडकून उभी राहिली तर ती मागे जाऊ लागते. आधी रडरची लॉक सोडा, नाहीतर तळाला लागून ते मोडतात. मग जिब उजव्या बाजूला उलटं धरा, म्हणजे नाळ डावीकडे पडेल आणि शिडं पुन्हा भरतील.

आडवी होऊ लागली तर खलाशाने दर्याच्या बाजूने पाण्यात उतरून नाळ धरून लटकायचं. माणसाच्या वजनाने पाण्यात नाळ जागेवर राहते, मागची बाजू किनाऱ्याकडे फिरते आणि होडी पुन्हा लाटांकडे तोंड करते.

उलटलात तर पहिलं काम: दोघांनी एकमेकांना हाक मारा. मग होडीच्या दर्याकडच्या बाजूला या. शीट मोकळ्या करा. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत जाऊ नका, तिला धरून राहिलेला माणूस लांबून दिसतो. उथळ पाण्यात, काठी वाळूला टेकलेली असताना दोर ओढून सरळ करायचा प्रयत्न करू नका. लाटा तिला आत नेत असतील तर नेऊ द्या. पाणी खोल असेल तर एकाने खालच्या हलच्या नाळेवर वजन टाकून नाळा वाऱ्याकडे फिरवा, मग दोघांनी दोरावर मागे रेलायचं. होडी सरळ होताच ट्रॅम्पोलिनखालचा बीम धरा, नाहीतर ती तुमच्यावरूनच दुसऱ्या बाजूला पडते.

परत येताना

बाहेर जाताना लाट समोर दिसते, येताना ती पाठीवर असते, म्हणून मला परतीचा भाग जास्त काळजीचा वाटतो. फुटण्याच्या रांगेबाहेर थांबून पुन्हा गट मोजा. जिब गुंडाळा किंवा सोडून द्या. मोठी शेवटची लाट खालून गेली की तिच्या पाठीवर बसून, तिच्यापुढे न जाता आत या. दोघेही अगदी मागे, नाळा किनाऱ्याला काटकोनात. मागची लाट गाठू लागली तर टिलर सरळ धरा. या क्षणी थोडं वळलात तरी होडी आडवी होते. पुढच्या लाटेपुढे घसरू लागलात तर मेनशीट सोडून वेग मारा.

कमरेइतक्या पाण्याच्या आधीच रडरची लॉक सोडा. उतरायचं मागच्या बाजूने, वाऱ्याच्या अंगाला. पुढे उडी मारून नाळ धरायला जाणारा माणूस स्वतःच्याच होडीखाली येतो. किनाऱ्यावरच्या तिसऱ्या माणसालाही हेच आधी बजावून ठेवा, मदतीला धावताना तो नेमका समोर येतो.

होडी भरतीरेषेच्या वर आली की नाळ वाऱ्याकडे करा, शिडं उतरवा, बुचं काढून हलमधलं पाणी मोजा. पेलाभर चालेल. बादलीभर निघालं तर भेग शोधल्याशिवाय उद्या जायचं नाही. मग रडरचे खिळे, तारांची टोकं आणि लॉक गोड्या पाण्याने धुवा.